पांढऱ्या हिरोंसमोर हिंगोलीचा पोरगा

गेल्या वर्षी पावसाळ्यात माझ्या शाळेतल्या मित्राचा व्हिडिओ कॉल आला. कॅमेरा त्याने स्वतःकडे धरलाच नाही, समोर धरला. एक पांढराफटक माणूस उभा होता. अंगावर कपडे नाहीत, बुबुळं नाहीत, एक हात कोपरापासून गायब. मित्र हळू आवाजात म्हणाला, "अगं, याला आठ दिवसांपासून काढायलोय. अजून खांदा जमेना. हा हाय तरी कोण?"

मला काय माहीत? मी मास कॉमची विद्यार्थिनी. मी म्हणाले, "हर्क्युलिस असेल." हर्क्युलिस म्हणजे माझ्यासाठी बाबांची जुनी सायकल. पण नाव घेऊन टाकलं आणि फसले, कारण नंतर खरंच शोधत बसावं लागलं. हा लेख त्या शोधातून झालाय.

मित्र औंढा तालुक्यातल्या एका गावाचा. घरी हळद, थोडं सोयाबीन. शाळेत चित्रकलेचे सर होते तोवर त्याने एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या, दोन्हींत ए ग्रेड. आमच्यासारख्यांनी त्या परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांसाठी दिल्या, हे कबूल करते. त्याने मनापासून दिल्या. मग बारावी, मग कलेची सीईटी, मग मुंबईच्या एका कला महाविद्यालयात प्रवेश. पहाटेची जनशताब्दी हिंगोलीवरून सुटते, तिच्यात आम्ही तिघं त्याला बसवायला गेलो होतो. ड्रॉइंग बोर्ड पोत्यात गुंडाळलेला होता आणि डब्यातल्या एका काकूंना वाटलं की कॅरम बोर्ड आहे.

तिथे पहिल्याच महिन्यात त्याच्यासमोर हे पांढरे लोक आले. कला महाविद्यालयात या विषयाला नुसतं 'अँटिक' म्हणतात. अँटिक म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून केलेलं रेखाटन. पुतळा हलत नाही, दमत नाही, पगार मागत नाही. उजेड एका बाजूने सोडायचा, 'डाँकी' नावाच्या लाकडी बाकड्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि छाया-प्रकाश बघत दिवसचे दिवस कोळसा घासायचा. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी शहरातल्या क्लासमध्ये हे आधी केलेलं होतं. आमच्या पठ्ठ्याने आयुष्यभर तांब्या, बादली, वांगी आणि फार तर शाळेतला घडवंचीवरचा माठ काढलेला. माणूस काढायचा तर तो स्मरणचित्रात, आठवडी बाजारातला, लांबून, इंचभर. इथे एकदम सहा फुटी माणूस, त्याच्या प्रत्येक स्नायूसकट.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, 'परत येऊ का? घरी हळद हायेच.' मस्करी नव्हती ती. फीचा दुसरा हप्ता भरायचा होता आणि त्याच्या वडिलांनी तोवर कुणाकडे तरी शब्द टाकून ठेवला होता. पैसे भरायचे की नाही हे त्या खांद्यावर अडलं होतं, असं म्हटलं तरी चालेल.

आता त्या पांढऱ्या माणसांकडे वळू. हे लोक मुंबईत आले कसे?

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये देऊ केले, आणि १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तीच जे. जे. अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर बेतलेला. तिथे ठरलेली पायरी अशी: आधी सपाट नक्षी बघून काढा, मग भूमितीचे घन आकार, मग प्लास्टरची पानंफुलं, मग प्लास्टरचा माणूस, आणि सगळ्यात शेवटी जिवंत माणूस. युरोपात ग्रीक-रोमन पुतळे हा सौंदर्याचा शेवटचा शब्द मानला जायचा. पण मूळ पुतळे रोममध्ये, पॅरिसमध्ये, लंडनमध्ये. ते काही हलवता येत नाहीत. त्यामुळे साचे काढून प्लास्टरमध्ये ओतलेल्या प्रती जगभरातल्या कलाशाळांमध्ये जायच्या. लंडनमधल्या मुलाने आणि मुंबईतल्या मुलाने एकच अपोलो काढायचा, अशी ती कल्पना.

जिवंत मॉडेल समोर बसवून रेखाटनाचा रीतसर वर्ग जे. जे.त सुरू झाला तो ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ मध्ये प्रमुख झाल्यावर. म्हणजे त्याआधीची पन्नास-साठ वर्षं शरीर शिकायचं तर मोठी मदार या प्लास्टरवरच.

इथे एक गंमत सांगते. आपण जनशताब्दीतून सीएसएमटीला उतरतो आणि मोबाइल सांभाळत बाहेर पळतो. त्या स्टेशनच्या भिंतींवर जी दगडी पानं, मोर, माकडं, चेहरे आहेत, त्या कोरीवकामात जे. जे.च्या विद्यार्थ्यांचा हात आहे. तिथून चालत दहा मिनिटांवर जे. जे., आणि तिच्यासमोर क्रॉफर्ड मार्केट. त्या मार्केटच्या दारावरची शिल्पं लॉकवुड किपलिंगची. हे १८६५ मध्ये जे. जे.त शिल्पकला शिकवायला आले, आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला त्यांना मुलगा झाला, रुडयार्ड. 'जंगल बुक'वाला. मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे मोगली आपल्याच कॉलनीतला."

हिरोंची ओळख करून घेऊ, कारण मलाही तीच हवी होती.

हर्क्युलिस म्हटलं की आपल्याला वाटतं, छाती फुगवून उभा असेल. तालमीतला मारुती डोळ्यांसमोर येतो. पण त्याचा सगळ्यात गाजलेला पुतळा, ज्याला फार्नेझी हर्क्युलिस म्हणतात, तो दमलेला आहे. चक्क दमलेला. तीन मीटरपेक्षा उंच, अंगावर डोंगरासारखे स्नायू, आणि तरी काखेत गदा टेकवून, मान खाली घालून उभा. गदेवर सिंहाचं कातडं टाकलेलं. मागे जाऊन पाहिलं तर पाठीमागे लपवलेल्या हातात सफरचंदं. त्याला बारा अशक्य कामं दिलेली असतात, त्यातलं जवळजवळ शेवटचं आटोपून तो आलाय. शिल्पकाराने लढताना दाखवला नाही, काम संपल्यानंतरचा क्षण पकडला. हळद काढून, शिजवून, वाळवून झाल्यावर शेतकरी फावड्याला टेकून उभा राहतो ना, तसा. मला तो पुतळा फोटोत बघूनच आवडला.

हा पुतळा रोममधल्या कॅराकॅला बादशहाच्या स्नानगृहांच्या अवशेषांत सोळाव्या शतकात सापडला. सापडला तेव्हा पाय नव्हते. एका शिल्पकाराने नवे पाय करून बसवले. पुढे खरे पाय सापडले, तरी कितीतरी वर्षं नवेच पाय ठेवले गेले, कारण लोकांना ते जास्त आवडत होते. खरे पाय अखेर अठराव्या शतकाच्या शेवटी बसले.

अशा चुका प्लास्टरमध्ये गोठून राहतात, आणि मला या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट तीच वाटली. लाओकून नावाचा एक ट्रोजन पुजारी आहे. 'लाकडी घोडा गावात घेऊ नका' असं ओरडून सांगणारा तो. देवांनी त्याच्यावर आणि त्याच्या दोन मुलांवर साप सोडले. (आमच्या औंढ्यात नागनाथ म्हणजे आसरा, आणि तिकडे नाग म्हणजे शिक्षा. जागा बदलली की सापाचा अर्थही बदलतो.) हा पुतळा १५०६ च्या जानेवारीत रोमच्या एका द्राक्षमळ्यात सापडला आणि तो बघायला मायकेलअँजेलो स्वतः धावला. पण बापाचा उजवा हात तुटलेला होता. मग वाद सुरू: हात कसा असेल? शेवटी तो सरळ वर, आभाळाकडे ताणलेला असा करून बसवला. एकदम फिल्मी. त्यानंतर चारशे वर्षं जे साचे निघाले, जी प्लास्टरं जगभर गेली, त्या सगळ्यांत हात वर. १९०६ मध्ये लुडविग पोलाक नावाच्या अभ्यासकाला रोममधल्या एका दगडकाम करणाऱ्याच्या अंगणात संगमरवराचा एक जुना हात दिसला. कोपरात वाकलेला, खांद्यामागे गेलेला. तोच खरा निघाला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो मूळ पुतळ्याला जोडला गेला. पण जुन्या प्लास्टरमधला लाओकून अजूनही हात वर करूनच उभा आहे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी डोळे बारीक करून, काडीने माप घेत, अगदी प्रामाणिकपणे एक चुकीचा हात काढला.

आणि मुळात ज्याला आपण 'ओरिजिनल' म्हणतो तेही किती ओरिजिनल? थाळीफेक करणारा तो प्रसिद्ध खेळाडू, डिस्कोबोलस. मायरन नावाच्या ग्रीक शिल्पकाराने तो इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ब्राँझमध्ये केला. तो ब्राँझ आज नाही, आणि तशा बहुतेक पुतळ्यांचा धातू पुढे वितळवला गेला. आपल्याकडे उरल्या त्या रोमन लोकांनी संगमरवरात केलेल्या प्रती. त्यातल्या ब्रिटिश म्युझियममधल्या प्रतीला डोकं बसवलं तेच चुकीच्या दिशेने, खाली बघणारं. मूळ खेळाडू मागे थाळीकडे बघत होता. त्या प्रतीचं प्लास्टर, त्या प्लास्टरचं चित्र. नकलेच्या नकलेची नक्कल. आमच्या कॉलेजात असाइनमेंट अशाच फिरतात.

रोमन लोक तरी कॉपी कशी करायचे? १९५४ मध्ये इटलीत नेपल्सजवळ बाया इथे उत्खननात प्लास्टरचे शेकडो तुकडे मिळाले. ते ग्रीक ब्राँझ पुतळ्यांवरून घेतलेले रोमन काळातले साचे-ओतीव होते. त्यात एक चेहरा अ‍ॅरिस्टोगायटनचा ओळखू आला. अथेन्समधल्या हुकूमशाहीविरुद्ध उठलेल्या दोन मित्रांपैकी हा एक, आणि त्या दोघांचा पुतळा अथेन्सने चौकात उभारला होता. मूळ पुतळा गेला. रोमन कारागिराच्या शेडमधला प्लास्टरचा चेहरा राहिला. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात ठिसूळ वस्तू सगळ्यात जास्त टिकली, हे वाचून मी दोन मिनिटं गप्पच बसले.

पीओपी म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, गणपती आणि मोडलेला हात. जिप्सम नावाचा दगड साधारण दीडशे अंशांवर भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिसजवळच्या टेकड्यांमध्ये हे जिप्सम भरपूर, म्हणून प्लास्टर ऑफ पॅरिस. भुकटीत पाणी घातलं की ती पुन्हा दगड व्हायला बघते, गरम होते आणि घट्ट होताना किंचित फुगते. या फुगण्यामुळेच साच्यातली बारीकातली बारीक रेष भरून निघते. पुतळ्याचा साचा एकसंध नसतो, तुकड्यातुकड्यांचा असतो, नाहीतर बोटांच्या मधून तो निघणारच नाही. जुन्या प्लास्टरच्या पुतळ्यांवर बारीक उंचवट्याच्या रेषा दिसतात ना, त्या या तुकड्यांच्या सांध्यांच्या.

आणि हे सगळं माझ्या मित्राला माहीत होतं! पुस्तकातून नाही. अकरावी-बारावीच्या दोन उन्हाळ्यांत तो हिंगोलीत एका मूर्तिकार मामांच्या शेडमध्ये कामाला जायचा. शाडू मळणं, साच्याला आतून साबणाचं पाणी लावणं, प्लास्टरमध्ये काथ्या बुडवून थर देणं, सांधे घासणं, शेवटी रंगारी आले की त्यांना डोळ्यांसाठी उजेड धरणं. हे त्याने कॉलेजात कुणाला सांगितलंच नव्हतं. त्याला वाटायचं, ही काही 'आर्ट' नाही, मजुरी आहे.

मग एक दिवस वर्गात पुतळा सरकवताना एका प्लास्टरच्या हाताचं बोट तुटलं. सगळे हबकले. सरांनी विचारलं, कुणाला जोडता येईल का? हा मागून उठला. तुटक्या दोन्ही कडा आधी ओल्या केल्या, कारण कोरडं प्लास्टर नव्या प्लास्टरमधलं पाणी शोषून घेतं आणि सांधा धरत नाही. आत तारेचा तुकडा घातला, पातळ प्लास्टर भरलं, सुकल्यावर पॉलिश पेपरने घासलं. तासाभराचं काम. क्लासला जाऊन आलेल्या मुलांपैकी दोघं नंतर त्याच्या शेजारी येऊन बसली. त्यांनी त्याला ओळंबा सोडून प्रमाण बघायला शिकवलं, म्हणजे दोऱ्याला वजन बांधून पुतळ्यासमोर धरायचं आणि खांदा कुठे, गुडघा कुठे, टाच कुठे येते ते त्या उभ्या रेषेवर तपासायचं. "गवंड्याचाच ओळंबा की हा," मला फोनवर सांगत होता, "आमचे काका रोज धरतात." खांदा त्या आठवड्यात जमला. दुसरा हप्ताही भरला गेला. तो कुठून भरला हे मी इथे लिहिणार नाही.

आता तो प्रश्न, जो तुम्हीही विचाराल: आपण कशाला काढायचे ग्रीकांचे पुतळे? औंढ्याच्या देवळावर काय कमी आहे?

प्रश्न जुना आहे. कोलकात्याच्या कलाशाळेत १८९६ मध्ये हॅवेल नावाचे प्रमुख आले. त्यांनी ग्रीक प्लास्टर मागे सारून भारतीय कला पुढे आणायचं ठरवलं. झालं उलटंच. विद्यार्थीच भडकले आणि काही जण बाहेर पडून वेगळी शाळा काढून बसले. त्यांना वाटलं, साहेब आपल्याला 'खरं' शिक्षण द्यायचं टाळतोय. मला दोन्ही बाजू पटतात, आणि याचं मला जरा अवघडल्यासारखं होतं. एकीकडे, राज्य करणाऱ्याने 'सुंदर माणूस असा असतो' म्हणून पांढरा, सरळ नाकाचा माणूस समोर उभा केला, हे खटकतंच. त्यात तो माणूस मुळात पांढरा नव्हताच. ग्रीक पुतळे रंगवलेले असायचे, ओठ, केस, वस्त्रं, सगळं. रंग काळाच्या ओघात उडाले आणि प्लास्टरने तो पांढरेपणा जगभर पक्का केला. आपल्या गणपतीचा रंग उडाला आणि हजार वर्षांनी कुणी म्हणालं की 'भारतीय देव पांढरे असत', तर कसं वाटेल?

दुसरीकडे गणपतराव म्हात्रे आहेत. जे. जे.चा हा विद्यार्थी ग्रीक प्लास्टरवरच डोळा घडवत शिकला, आणि जेमतेम विशीत, १८९६ च्या सुमारास, त्याने एक मूर्ती केली. 'मंदिरपथगामिनी'. देवळाकडे निघालेली मराठमोळी तरुणी, नऊवारी नेसलेली. साडीच्या चुण्या बघा, ग्रीक देवतांच्या वस्त्रांच्या चुण्या आठवतात, आणि तरी ती बाई शंभर टक्के आपली. रवींद्रनाथ टागोरांनी त्या मूर्तीवर लेख लिहिला. आणि ती कशात केलेली? प्लास्टरमध्ये. त्यांच्या हिरोंचंच मटेरियल घेऊन त्याने आपली हिरॉइन उभी केली.

उलटा प्रवासही झालाय. १८६९-७० मध्ये सांचीच्या पूर्वेच्या तोरणाचे साचे काढून ते प्लास्टरमध्ये लंडनला नेले, सुमारे दहा मीटर उंच. त्याच्या प्रती पुढे बर्लिनपर्यंत गेल्या. आणि आपल्या मराठवाड्यातलं अजिंठा? जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेरा वर्षं तिथल्या चित्रांच्या प्रती केल्या. त्यातल्या कितीतरी लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळल्या. 'कॉपी' हा शब्द आपण परीक्षेमुळे बदनाम केलाय. ते लोक लेण्यात वटवाघळांच्या वासात बसून कॉपी करत होते.

दिवाळीत मित्र आला तेव्हा आम्ही औंढ्याला गेलो. देवळाच्या खालच्या भागातली ती कोरीव शिल्पं, हत्तींची रांग, झिजलेले चेहरे, तुटलेले हात. वरचं शिखर नंतरच्या काळातलं, ते साधं. मी लहानपणापासून तिथे प्रसाद खात फिरलेय, पण उजेड मूर्तीवर कुठून पडतो हे कधी पाहिलं नव्हतं. त्याने ओळंबा काढला. दर्शनाच्या रांगेतले लोक बघत होते. एका आजोबांनी विचारलं, "पाया मोजायलास का? देऊळ सरकलं का काय?" नामदेवांसाठी हे देऊळ एकदा फिरलं अशी कथा आहे, नर्सी इथून जवळच, त्यामुळे आजोबांची शंका अगदीच वावगी नव्हती. त्याने दोन तासांत एक तुटक्या हाताची मूर्ती काढली. हात पुरा केला नाही, तुटका तसाच ठेवला. म्हणाला, "लाओकूनचं ऐकल्यापासून भ्या वाटतं."

तुम्हाला बघायचं असेल तर मुंबईलाच जायला हवं असं नाही. कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाकडे दोन हजारांवर प्लास्टर प्रतिकृती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच थ्रीडी स्वरूपात नेटवर फुकट मिळतात. मोबाइलवर बोटाने पुतळा गरगर फिरवता येतो, हर्क्युलिसच्या पाठीमागची सफरचंदंही दिसतात. मित्र गावी असला की रात्री हेच करतो, रेंज असेल तर. चित्रकलेचे सर निवृत्त झाल्यावर आमच्या शाळेत त्यांच्या जागी कुणी आलं नाही, तर गेल्या सुट्टीत त्याने चार पोरांना देवळाच्या ओट्यावर बसवून हाच फोन मध्ये ठेवून रेखाटन करायला लावलं. पाचवा आला तो फोनवर गेम आहे म्हणून.

या उन्हाळ्यात तो पुन्हा मूर्तिकार मामांच्या शेडमध्ये आहे. परवा मी फोटो काढायला गेले तेव्हा त्याने मामांना फार्नेझी हर्क्युलिस दाखवला. मामांनी हात पुसले, चष्मा लावला, फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"काम चांगलंय," ते म्हणाले. "पण बाप्पा, हा दमलाय की. उभा कामून केला? बसता करायचा. बसत्याला मोडतोड कमी."